पहिल्या ट्रॅक डेची तयारी: गाडीत काय पाहावे आणि स्वतः काय शिकावे

पुण्यातील एका गृहस्थांनी गेल्या वर्षी पोर्शे ७१८ केमन ही गाडी जुन्या बाजारातून घेतली आहे. गाडी २२ हजार किलोमीटर चाललेली आहे, आणि येत्या फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर ते आयुष्यातला पहिला ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर शर्यत न लावता आपली गाडी चालवण्याचा दिवस, करणार आहेत. मोठे ब्रेक, ट्रॅकसाठीचे मऊ टायर आणि कडक सस्पेन्शन यांपैकी काय आधी बसवून घ्यावे, आणि जाण्यापूर्वी स्वतः कोणता सराव करावा, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर असे, की यांपैकी काहीही बसवू नये. सुमारे ३०० अश्वशक्तीचे इंजिन मध्यभागी असलेली ही गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाच आपल्यापेक्षा कितीतरी अधिक सक्षम असते, आणि तिची क्षमता पहिल्याच दिवशी वाढवल्याने फक्त एकच गोष्ट घडते: चूक अधिक वेगात घडते. मी अठरा वर्षे ट्रॅकवर गाडी चालवतो आहे आणि त्यातली दहा वर्षे नवख्यांच्या शेजारी बसून शिकवतो आहे. या काळात पहिल्या दिवशी ज्यांचे नुकसान झाले, त्यांतील बहुतेकांचे नुकसान सुटा भाग कमी दर्जाचा होता म्हणून झाले नाही. ते जुन्या ब्रेक ऑइलमुळे, न तपासलेल्या टायरमुळे किंवा दमलेल्या माणसाने घेतलेल्या शेवटच्या दोन फेऱ्यांमुळे झाले. त्यामुळे आपले पैसे आणि आपले लक्ष याच ठिकाणी लागावे, असे मला मनापासून वाटते.

ब्रेक ऑइलापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते संपूर्ण तयारीत याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. चालक आणि इंधन धरून आपली गाडी साधारण दीड टनाची होते. ताशी ६० किलोमीटरवरून आपण ती सिग्नलला थांबवतो तेव्हा ब्रेकना सुमारे दोन लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. तीच गाडी सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी १८० वरून ८० वर आणायची असेल तर हा आकडा १५ लाख ज्यूलच्या घरात जातो, म्हणजे सातपटीहून अधिक होतो. चारही डिस्कचे, म्हणजे ब्रेक ज्यांना पकडतो त्या चाकांमागच्या तबकड्यांचे, बीड मिळून ३५ किलो धरले, तर अशा एका ब्रेकने त्यांचे तापमान ९० अंशांच्या आसपास चढते. शहरात पुढचा सिग्नल येईपर्यंत त्या निवतात. ट्रॅकवर मात्र पुढचे वळण काही सेकंदांत समोर उभे असते, आणि हे वीस मिनिटे सतत चालते. ही उष्णता डिस्कला घासणाऱ्या पॅडमधून ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ऑइलमध्ये उतरते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हा त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, असे मानक सांगते. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि म्हणून पेडलवर दिलेला जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही.

माझ्या दुसऱ्याच ट्रॅक डेला कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर मी हा अनुभव घेतला. तिसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर चालवण्याच्या तिसऱ्या पाळीत, पेडल आधी जरा नरम लागले. नवे पॅड नीट बसत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या फेरीत ते आणखी दोन बोटे खाली गेले, आणि त्यापुढच्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी पाय थेट गाडीच्या तळाला लागला. दोन-तीन वेळा भराभर पेडल मारल्यावर थोडा दाब परत आला, मी गियर खाली टाकले, आणि गाडी वळण सोडून मातीत साठ-सत्तर फूट घसरत जाऊन थांबली. कोणालाही लागले नाही. नंतर ऑइल काढून पाहिले तर ते चहाच्या रंगाचे झाले होते. सर्व्हिसच्या पुस्तिकेत मात्र ते सहा महिन्यांपूर्वी बदलल्याचा शिक्का होता. ज्या कार्यशाळेने तो शिक्का मारला होता तिच्याविषयीचा राग केव्हाच निवळला, पण तेव्हापासून ब्रेक ऑइल माझ्या डोळ्यांसमोर बदलले जात नसेल तर ते बदलले आहे असे मी मानत नाही.

आपणही तसेच करावे. निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस सीलबंद डब्यातले नवे ऑइल भरून घ्यावे आणि चारही चाकांवरून जुने ऑइल व हवा पूर्ण निघेपर्यंत ब्लीडिंग करून घ्यावे. ३०० अंशांच्या वर उकळणारी रेसिंगची ऑइले आता आपल्याकडे मिळतात, आणि पहिल्या दिवसासाठी करण्याजोगा एकच खर्च मला कोणी विचारला तर मी हाच सांगतो. ती डॉट ४ च्याच जातीची असावीत. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल पूर्ण वेगळे असते आणि ते आपल्या गाडीत कधीही घालू नये, ५.१ ला मात्र हरकत नाही. रेसिंगचे ऑइल वर्षातून एकदा तरी बदलावे लागते, हे ध्यानात ठेवावे. अर्धा भरलेला, महिनोन्महिने फडताळात पडलेला डबा कोणी काढून दिला तर तो नाकारावा. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत त्या डब्याने आपले काम आधीच करून ठेवलेले असते.

पॅड बदलायचेच असतील तर ते कंपनीचेच नवे घालावेत, आणि तेही उरलेली जाडी निम्म्याहून कमी असेल तरच. निव्वळ ट्रॅकसाठीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, त्यामुळे पुणे-बंगळूर महामार्गावर अचानक समोर आलेल्या दुचाकीपुढे ते धोक्याचे ठरतात. नवे पॅड घातले तर ट्रॅकवर जाण्याआधी त्यांचे बेडिंग झालेले असले पाहिजे, म्हणजे ते डिस्कवर नीट बसलेले असले पाहिजेत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावावेत आणि नंतर काही किलोमीटर ब्रेकला हात न लावता ते थंड होऊ द्यावेत. आपल्या गाडीच्या डिस्कना भोके असतात. भोकांच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसणे नेहमीचे आहे. मात्र एका भोकातून दुसऱ्यापर्यंत गेलेली किंवा डिस्कच्या कडेला पोहोचलेली भेग दिसली तर त्या डिस्कवर ट्रॅक करू नये.

आता टायर. ट्रॅकसाठीच्या मऊ टायरची पकड इतकी चांगली असते की चूक झाली तरी ते बराच वेळ काहीच सांगत नाहीत, आणि सुटतात तेव्हा एकदम सुटतात. साधा उत्तम रस्त्याचा टायर आधी कण्हतो, मग किंचाळतो, मग हळूहळू सरकतो. नवख्याला हा आवाज म्हणजे शिक्षकच असतो, म्हणून पहिल्या वर्षी रस्त्याचेच टायर ठेवावेत. मात्र ते निरोगी असले पाहिजेत. बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या शेवटच्या चार आकड्यांवरून त्यांचे वय कळते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी जुन्या बाजारातून घेतलेली असल्यामुळे हे आवर्जून पाहावे. टायरला झीज नसली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होते, आणि ते टायर मी ट्रॅकवर नेणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी लिफ्टवर चढवून टायरच्या आतल्या बाजूवरून तळहात फिरवावा. आपल्या खड्ड्यांमुळे आतल्या भिंतीतले धागे तुटतात आणि तेथे लिंबाच्या फोडीएवढा फुगवटा येतो, जो बाहेरून उभे राहून पाहिल्यास कधीच दिसत नाही. असा फुगवटा सापडला तर तो टायर बदलल्याशिवाय जाऊ नये, मग नोंदणीचे पैसे बुडाले तरी चालतील. चाकांची अलाइनमेंटही त्याच वेळी तपासून घ्यावी.

हवेच्या दाबाबद्दल पुष्कळ गूढ निर्माण केले जाते, प्रत्यक्षात हिशेब सोपा आहे. ३० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर ८० अंशांपर्यंत तापला की दाब सुमारे ४० वर जातो. फुगलेला टायर मध्यभागी टेकतो, कडा उचलल्या जातात, आणि पकड घटते. पुस्तिकेतला थंड टायरचा आकडा भरून पहिले सेशन हळू करावे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवण्याच्या जागेत, परत येताच, टायर निवण्याआधी, चारही टायर स्वतःच्या मापकाने मोजावेत, आणि गरम दाब त्या आकड्याच्या वर तीन-चार पीएसआयच्या आत येईल इतकी हवा सोडावी. पुढे प्रत्येक सेशननंतर हेच करावे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून बाजूची भिंत सुरू होते तेथे, खडूने एक आडवी रेघ ओढावी. फेऱ्या मारून आल्यावर रेघ भिंतीवरूनही पुसली गेली असेल तर टायर दुमडतो आहे, हवा कमी आहे. खांद्याच्या अलीकडेच शाबूत राहिली असेल तर हवा जास्त आहे. शाळेतल्या फळ्याचा पांढरा खडू यासाठी पुरतो. संध्याकाळी टायर थंड झाले की सोडलेली हवा पुन्हा भरायची असते, हे बरेच जण विसरतात आणि कमी हवेच्या टायरवर रात्री महामार्गाला लागतात. केमनमध्ये स्टेपनी नसते, कंपनीचा छोटा कॉम्प्रेसर असतो; तो चालतो आहे ना, हे घरीच पाहून घ्यावे.

इंजिनाबाबत चिंतेचे फारसे कारण नाही, पण या गाडीची एक खोड सांगतो. तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे असतात आणि त्या जाळ्या रस्त्यावरचे सगळे आत ओढून घेतात. कोरेगाव पार्कातल्या एका केमनचा बंपर आम्ही उतरवला तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून घमेलेभर वाळकी पाने, गुलमोहराच्या शेंगांचे तुकडे आणि एक अख्खी प्लॅस्टिकची पिशवी निघाली. शहरात त्या गाडीचे तापमान कधीच चढले नव्हते. ट्रॅकवर मात्र दहाव्या मिनिटाला इंजिनाने शक्ती कमी केली असती. जाळीतून विजेरी मारून पाहावे, आणि शंका आली तर बंपर उतरवून साफ करून घ्यावे. इंजिन ऑइलची पातळी या गाडीत पट्टीने नव्हे तर पडद्यावर पाहायची असते. ती वरच्या खुणेच्या जवळ असावी, वर नसावी. इंधन टाकीत कायम पावाहून अधिक ठेवावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकते. ट्रॅकवर लिटरमागे तीन-चार किलोमीटरच मिळतात, त्यामुळे सकाळी महामार्गावरच्या पंपावर टाकी भरूनच आत जावे.

चाकांचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने, म्हणजे ठरावीक जोरावर आवळता येणाऱ्या पान्ह्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, घट्ट करून घ्यावेत आणि पहिल्या सेशननंतर चाके निवल्यावर पुन्हा तपासावेत. एअर गनने कडकड वाजवून घट्ट केलेल्या बोल्टवर विसंबू नये. टो हुक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून नेण्याची कडी, कोठे आहे आणि तो बंपरमध्ये कसा बसतो, हे घरी एकदा करून पाहावे. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढावी: चालकाच्या पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, चार्जर, दाराच्या कप्प्यातली नाणी. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती चिकटवलेली असेल तर तीही काढून पिटमध्ये आपल्या पिशवीत नीट ठेवावी. जोरदार ब्रेकच्या वेळी गोंद सुटला तर ती पेडलखाली जाऊ शकते, आणि ते कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

कागदपत्रांचा एक मुद्दा येथेच सांगून टाकतो. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादेचे कलम असते आणि त्यात संघटित शर्यती, वेगाच्या चाचण्या असे प्रकार स्पष्टपणे वगळलेले असतात. आयोजक आपल्याकडून जबाबदारीमुक्तीच्या पत्रावर सहीही घेतात. म्हणजे भिंतीला लागले तर खर्च सर्वस्वी आपला, असे धरूनच जावे. तो खर्च सोसण्याची तयारी नसेल तर त्या दिवशी आपण किती वेगाने जाणार याचा निर्णय त्याच हिशेबाने करावा. हा निर्णय घरी शांतपणे घ्यायचा असतो, ट्रॅकवर रक्त तापल्यावर नव्हे.

हेल्मेटही घरीच ठरवावे. दुचाकीच्या हेल्मेटला आणि मोटारीच्या हेल्मेटला वेगवेगळ्या कसोट्या असतात. हेल्मेटची कसोटी घेणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए प्रतीच्या हेल्मेटचे अस्तर आग सोसण्यासाठी तपासलेले असते, एम प्रतीच्या दुचाकीच्या हेल्मेटला ती कसोटी नसते. आयोजक काय मान्य करतात ते विचारावे. भाड्याने मिळत असले तरी आधी एकदा घालून पाहिलेले स्वतःचे बरे. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत, कारण नायलॉन-पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळाचे हवेत. जाड तळाच्या धावण्याच्या बुटातून ब्रेक ऑइलने दिलेला पहिला इशारा, म्हणजे पेडलचा तो किंचित नरमपणा, कळतच नाही.

आता आपल्याविषयी. घरबसल्या करण्याजोगा सर्वांत उपयोगी सराव म्हणजे बसण्याची जागा ठरवणे. पाठ आणि खांदे सीटला पूर्ण टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकले पाहिजे, आणि ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. रस्त्यावर आपण सगळेच याहून मागे रेलून बसतो. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवावेत. साध्या पट्ट्याने वळणात शरीर सरकते, आणि मग माणूस स्टिअरिंगला लोंबकळू लागतो. त्यावर युक्ती अशी: सीट थोडी मागे घ्यावी, पट्टा लावून झटका द्यावा म्हणजे तो अडकतो, आणि तसाच धरून सीट पुढे आणावी. पट्टा कमरेवर घट्ट बसतो आणि हात मोकळे होतात.

दुसरा सराव नजरेचा, आणि तो जाण्याआधी महिनाभर रोज करता येतो. रस्त्यावर आपली नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर खिळलेली असते. ट्रॅकवर नजर जेथे जाते तेथे हात जातात आणि हात जातात तेथे गाडी जाते. गेल्या मोसमात माझ्या शेजारी एक डॉक्टर होते, अत्यंत शिस्तीचे चालक. प्रत्येक वळणात ते तीन-तीन वेळा स्टिअरिंग दुरुस्त करत होते. मी त्यांना वेगाबद्दल काहीच सांगितले नाही. ब्रेक सोडण्याच्या क्षणी फक्त हात लांब करून वळणाच्या आतल्या कडेकडे बोट दाखवत राहिलो, आणि गाडी तेथे पोहोचण्याआधीच बोट बाहेर पडण्याच्या जागेकडे नेत राहिलो. चौथ्या फेरीपासून स्टिअरिंग एकदाच वळू लागले आणि एकदाच सुटू लागले, आणि गाडी आपोआप वेगवान झाली. घाटात, कायदेशीर वेगातच, असे स्वतःशी बोलत जावे: आता ब्रेकची जागा, आता आतली कडा, आता बाहेर पडण्याची जागा. खंबाटकी असो की कात्रज, वेग वाढवायचा नाही, फक्त नजर पुढे टाकायची.

मद्रासचे सर्किट श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० पासून वापरात आहे, तो सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा असून त्याला बारा वळणे आहेत, आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचे मद्रास मोटर रेस ट्रॅक हेच नाव आहे. पहिल्या दिवसासाठी तो मला आवडतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मागचा सरळ रस्ताच एक किलोमीटरहून लांब आहे, तेथे आपली गाडी नवख्याच्या हातात नको तितका वेग सहज गाठते. कोइम्बतूरचे कारी छोटे आणि समजायला सोपे आहे, पण तेथे वळणांमागून वळणे येत राहतात. जाण्यापूर्वी चालकाच्या डोळ्यांतून चित्रित केलेल्या फेऱ्या पाहाव्यात आणि कागदावर आठवणीने ट्रॅक काढून पाहावा. ज्याला बारा वळणे क्रमाने काढता येतात, त्याच्या पहिल्या सेशनमधली निम्मी भीती घरीच संपलेली असते.

सकाळच्या सूचनांच्या वेळी पुढच्या रांगेत बसावे. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी आणि ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबले, सावकाश पिटमध्ये यावे. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ द्यावे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे ऑइल सांडले आहे किंवा रस्ता निसरडा आहे. काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे आपल्या गाडीत बिघाड दिसतो आहे. ट्रॅक डेला ओव्हरटेक सहसा सरळ रस्त्यावरच आणि पुढच्याने हाताने खूण केल्यावरच करायचा असतो, म्हणून काच खाली ठेवावी. खूण करून, पाय जरा उचलून मागच्याला जाऊ देण्यात कमीपणा नाही. आरशात पाहत वळण घेणारा माणूस मात्र स्वतःलाही आणि मागच्यालाही धोक्यात घालतो.

पहिली दोन सेशन स्वतःच्या अंदाजाने सत्तर टक्क्यांवर करावीत. गियरबॉक्स आपोआप चालू द्यावा, पीएसएम म्हणजे गाडीची स्थिरता सांभाळणारी यंत्रणा दिवसभर चालू ठेवावी, आणि प्रशिक्षक मिळत असेल तर दुपारपर्यंत त्याला शेजारून उठू देऊ नये. ब्रेक सरळ रेषेतच लावावा आणि वळायला सुरुवात करण्यापूर्वी संपवावा. नवखा माणूस पेडलवर हळूहळू जोर वाढवत नेतो. ट्रॅकवर उलटे असते, जोर सुरुवातीला अधिक आणि शेवटी अलगद सोडायचा. ब्रेकची जागा ठरवताना झाडाची सावली किंवा उभी असलेली गाडी धरू नये, कारण दोन्ही हलतात. फलक किंवा कडेच्या रंगीत पट्ट्यांची सुरुवात धरावी.

आपल्या गाडीसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. इंजिन मध्यभागी असल्यामुळे तिचे वजन केंद्राजवळ एकवटलेले आहे, म्हणून ती चटकन वळते आणि त्याच कारणाने चटकन गिरकीही घेते. वळणाच्या मध्यात वेग जास्त वाटला की घाबरून ॲक्सिलरेटर सोडण्याची सर्वांची प्रवृत्ती असते. तसे केले की भार पुढच्या चाकांवर सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची मागची बाजू पुढे येऊ पाहते. वळणात वेग जास्त आहे असे वाटले तर पाय स्थिर ठेवावा, नजर बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवावी आणि स्टिअरिंग किंचित सैल करून गाडीला थोडा रुंद मार्ग द्यावा. यासाठीच सुरुवातीला ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरायची नसते. तरीही गिरकी आलीच तर ब्रेक पूर्ण दाबावा आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सोडू नये, म्हणजे मागून येणाऱ्यांना ती कोठे थांबणार याचा अंदाज येतो. चाके मातीत गेली तर स्टिअरिंग झटक्याने ट्रॅककडे ओढू नये. वेग कमी होईपर्यंत सरळच जाऊ द्यावे.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी जवळजवळ ब्रेक न लावता, सावकाश मारावी. पिटमध्ये आल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करावे, आणि पार्किंग ब्रेक अजिबात लावू नये. तापलेल्या डिस्कवर तो दाब तसाच राहणे चांगले नाही. गाडी पी मध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. मग टायरचा दाब मोजावा, सावलीत बसावे, पाणी प्यावे. फेब्रुवारीतही चेन्नईची दमट हवा गाडीत, हेल्मेटखाली, अर्धा-पाऊण लिटर घाम सहज काढते, आणि तहान लागण्याआधीच निर्णय मंदावलेले असतात. मी लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी दोन लिटर नेतो. सकाळी इडलीसारखे हलके खावे, दुपारचे भरपेट जेवण टाळावे. आदल्या रात्रीची झोप तर सोडूच नये: पुण्याहून हे अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास आहे, ते दोन दिवसांत करावे आणि ट्रॅकच्या आदल्या दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. गाडी वाहनवाहक ट्रकने पाठवता आली तर उत्तमच.

शेवटचे सेशन न करण्याची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवावी. चार वाजल्यानंतर टायर थकलेले असतात, ब्रेक दिवसभर तापलेले असतात, आणि माणसाला मात्र नेमके त्याच वेळी सगळे जमू लागले असे वाटत असते. माझ्यासमोर झालेल्या नुकसानीच्या घटनांपैकी बऱ्याच त्या तासातल्या आहेत. एखाद्या फेरीत ब्रेकची ठरलेली जागा दोनदा चुकली, पेडल थोडेही नरम लागले किंवा वळणाचा क्रमांक क्षणभर आठवला नाही, तर त्याच फेरीत आत यावे आणि त्या दिवसापुरते थांबावे.

त्या रात्री परतीला निघू नये. कांचीपुरमला किंवा वेल्लोरला मुक्काम करावा. सकाळी टायर थंड असताना हवा पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्यावर आणावी, बोल्ट एकदा तपासावेत, टायरवर कापल्याच्या खुणा पाहाव्यात, चाकांच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ नाही ना हे पाहावे, आणि पहिले काही किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून पेडलची उंची आदल्या सकाळइतकीच आहे याची खात्री करावी. पुण्याला आल्यावर पॅडची उरलेली जाडी मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावी. एका दिवसात किती पॅड गेले हा आकडा हाती आला, की ब्रेकवर पुढे खर्च करायचा की नाही याचे उत्तर आपली गाडीच देईल.